आधी वाचा, मग घासा: लष्कराच्या जुन्या दारूगोळा पेट्या शोधणं आणि सावरणं

जुनी ॲम्युनिशन बॉक्स घरी आली की बहुतेक जण पहिल्याच दिवशी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावतात आणि पत्रा पांढरा होईपर्यंत घासतात. मग वरून हिरव्या रंगाचे दोन हात. पेटी चकाचक दिसते, पण ती कुठल्या कारखान्यात भरली, कोणत्या साली, आत काय होतं, किती होतं हे सगळं धुळीबरोबर उडून गेलेलं असतं. अशा पेट्या बाजारात ढिगाने दिसतात आणि त्या बघून मला खरंच वाईट वाटतं. पत्र्याची पेटी कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. तिच्यावरची अक्षरं मात्र एकदा गेली की परत येत नाहीत. म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: आधी वाचा, मग घासा, आणि घासायचं तेही जेमतेम.

हाती आलंय ते नक्की काय आहे?

आपल्याकडे फौजी पेटी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे काळी पत्र्याची ट्रंक येते, पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि नंबर लिहिलेली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या सैनिकी परंपरेच्या गावांत ती घरोघरी सापडते. ती जवानाच्या कपड्यालत्त्याची पेटी. मोलाचीच, पण ती दारूगोळ्याची पेटी नव्हे. दारूगोळ्याची पेटी आकाराने लहान आणि वजनाला जड असते. झाकणाला घट्ट दाबून बसणारी कडी असते, आणि बाजूला माणसाच्या नावाऐवजी मालाचं नाव, नग, लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) आणि साल असतं.

आपल्या भागात साधारण तीन प्रकार हाताला लागतात.

पहिला प्रकार लाकडी. ब्रिटिश काळातल्या या पेट्यांना दोराच्या मुठी असतात आणि आत कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं, डाख लावून बंद केलेलं अस्तर असतं. एकोणिसाव्या शतकातल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या काडतुसांची पेटी ही यातली सर्वांत देखणी. सागवान किंवा महोगनीची, तांब्याच्या पट्ट्या मारलेली, ६०० काडतुसांची. तिचं मधलं झाकण खाचेत सरकतं आणि एकाच पितळी स्क्रूने अडवलेलं असतं. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाला झुलूंनी ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला, तेव्हा 'पेट्या वेळेत उघडल्याच नाहीत' अशी कथा पुढे वर्षानुवर्षं चालली. झाकणाची ती खाच एकदा हाताळून बघा. बंदुकीच्या दस्त्याचा एक जोरदार तडाखा बसला तर स्क्रू उखडून झाकण सरकेल हे लगेच कळतं. अशी पेटी मिळणं भाग्याचं. ती मिळाली तर या लेखातल्या रंगाच्या सूचना तिच्यासाठी नाहीत एवढं मनाशी पक्कं करा.

दुसरा प्रकार म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय बनावटीच्या लोखंडी आणि लाकडी पेट्या. महाराष्ट्रात राहणाऱ्याला याचं अप्रूप वाटायला हवं, कारण ही वस्तू मुळात इथलीच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या काडतुसांच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरं जगभरच्या संग्राहकांना ओळखीची आहेत. वरणगावचा कारखाना 'ओएफव्ही' या अक्षरांनी ओळखला जातो. आणि भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना, स्थापना १९४९, हा तर पेट्या, पिंपं आणि दारूगोळ्याची इतर वेष्टनं बनवण्यासाठीच ओळखला गेला. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. खडकी आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेले, भुसावळ यंत्र इंडियाकडे. त्यामुळे अक्षरं आणि शिक्के वाचताना पेटी या तारखेच्या अलीकडची की पलीकडची हे लक्षात ठेवलेलं बरं.

तिसरा प्रकार अमेरिकन धाटणीचा, बाजूला कडी आणि वर घडीची मूठ असलेला डबा. यातला सर्वांत प्रसिद्ध एम२ए१, पॉइंट फिफ्टी मशीनगनच्या साखळीत ओवलेल्या १०० गोळ्यांचा. बाहेरून साधारण ३० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १९ उंच. त्याचा अरुंद भाऊ एम१९ए१. याच आकाराच्या नकला अनेक देशांनी केल्या आणि सजावटीच्या दुकानांनी तर सर्वांत जास्त. त्यामुळे आकारावरून निष्कर्ष काढू नका.

शोधायचं कुठे

सरळ मार्ग भंगाराचा. लष्करी आस्थापनं आणि आयुध कारखाने त्यांचा निकामी माल लिलावात काढतात. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर असे लिलाव चालतात. पण तिथे माल टनावारी निघतो, तुम्हाआम्हाला दोन पेट्यांसाठी तिथे जागा नाही. आपण गाठायचा तो लिलावात माल उचलणारा भंगारवाला. खडकी, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, देवळाली, अहिल्यानगर, कामठी या गावांच्या आसपासच्या भंगाराच्या वखारींत चकरा मारा. पहिल्या खेपेला काही मिळत नाही. आपला नंबर देऊन ठेवायचा, चहा प्यायचा, आणि 'कापायच्या आधी मला फोन करा' एवढं सांगून यायचं. 'कापायच्या आधी' हे शब्द महत्त्वाचे, कारण पेट्या वजनावर विकल्या जातात आणि गॅस कटरखाली जायला त्यांना वेळ लागत नाही.

पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार ही ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे माल दिसतो, पण भाव माहितगाराचा असतो. चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत अस्सल लाकडी पेटी अधूनमधून येते. सजावटीचा नवा मालही तिथेच, त्याच फळीवर असतो.

माझ्या मते सर्वांत चांगल्या पेट्या घरांत आणि गॅरेजांत असतात. जुना मेकॅनिक पाने-पक्कड कशात ठेवतो ते बघा. शेतावरच्या पंपघरात, गावच्या सुताराकडे, माजी सैनिकाच्या माळ्यावर. चाळीस वर्षं ग्रीसच्या हातांनी वापरलेल्या पेटीवरचा रंग आणि अक्षरं बाजारातल्या पेटीपेक्षा कितीतरी चांगली टिकलेली असतात, कारण तेलाने गंजाला जवळ येऊ दिलेलं नसतं. अशा ठिकाणी पैशापेक्षा बदली वस्तू चालते. नवा टूलबॉक्स घेऊन जा आणि विचारा, "काका, ही घ्या, ती जुनी मला देता का?"

एका जागी मात्र कधीच जाऊ नका: लष्कराची गोळीबाराची मैदानं. तिथलं भंगार वेचणं बेकायदा तर आहेच, पण न फुटलेला गोळा मातीखाली वर्षानुवर्षं जिवंत राहतो. ते वेचायला जाऊन माणसं मेली आहेत.

हात लावण्याआधी

हा भाग वगळून कुणी पुढे जाऊ नये.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणलेल्या पेट्या उतरवल्या जात असताना स्फोट झाला. सहा माणसं गेली. ते काम परवानगीने, ठरलेल्या जागी चाललं होतं. मग आपण अंगणात एकट्याने बंद पेटी उघडायची म्हणजे काय, याचा विचार करा.

नियम सोपा आहे. बंद पेटी विकत घ्यायची नाही. विक्रेत्याला ती तुमच्यासमोर उघडून दाखवू दे, आणि आत तळापर्यंत बघा. हलवल्यावर काही खळखळलं, तारेचं शिशाचं सील तसंच असलं, आतलं पत्र्याचं अस्तर अजून डाखबंद असलं, वजन आकाराला न शोभणारं लागलं, तर ती खाली ठेवा. आपटू नका, उपटू नका, दुचाकीवर घालून पोलीस ठाण्यातही नेऊ नका. जागेवर सोडून ११२ ला फोन करा. बॉम्बशोधक व नाशक पथक हेच काम करतं.

रिकाम्या पेटीतही कोपऱ्यात किंवा अस्तराच्या मागे एखादं काडतूस अडकलेलं सापडू शकतं. ते 'आठवण' म्हणून ठेवायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याच्या सुट्या भागांचाही समावेश आहे, त्यामुळे विनापरवाना एक काडतूसही महागात पडतं. काळी, करडी भुकटी किंवा बारीक दोऱ्यांसारखे तुकडे दिसले तर झाडू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नका. तिथेही तोच फोन.

पेटीवर केशरी चौकोन टोकावर उभा केलेला दिसला तर तो धोक्याचा वर्ग सांगतो. १.१ म्हणजे सगळा साठा एकदम उडू शकेल असा माल, १.४एस म्हणजे बहुधा साधी छोटी काडतुसं. रिकाम्या पेटीवर हा शिक्का राहिलेला असतो. तो इतिहासाचा भाग आहे, खरवडू नका. पण पेटी कुरिअरने किंवा एसटीने न्यायची असेल तर त्यावर कागद चिकटवून झाका, नाहीतर वाटेत अडणार हे नक्की. विमानाने नेण्याच्या भानगडीत पडूच नका.

आणि पावती घ्या. "शेठ, लिलावाच्या कागदाची झेरॉक्स मिळेल का?" हे विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे सरळ मार्गाने माल आला आहे तो देतो. अगदी अलीकडचं साल असलेल्या, कोऱ्या करकरीत पेट्या कागदाशिवाय कुणी देत असेल तर त्या चोरीच्या असू शकतात, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शंभर वर्षं ओलांडलेली पेटी परदेशातल्या नातलगाला पाठवायचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा आधी समजून घ्या. खासगी व्यक्तीला अशा वस्तू निर्यात करता येत नाहीत.

अस्सल की सजावटीची?

झाकण उघडून आतला सांधा बघा. नव्या माणसाने हे एक शिकलं तरी पुरे. कारखान्यातल्या पेटीचा पत्रा साच्यात दाबलेला असतो, कडा दुमडलेल्या असतात, स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके एका रेषेत, सारख्या अंतरावर पडलेले असतात. वर्कशॉपमध्ये जुळवलेल्या पेटीत आर्क वेल्डिंगचे ओघळ आणि उडालेले मणी दिसतात. लाकडी पेटीत प्लायवूड, चौफुली खाचेचे चकचकीत स्क्रू, किंवा आतून-बाहेरून एकसारखा काळपट केलेला रंग दिसला की ती सजावटीची समजा. खऱ्या लाकडी पेटीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा उजळ असतो.

अक्षरांचा क्रमही बघा. अस्सल पेटीत आधी रंग, त्यावर अक्षरं आणि त्यावर गंज अशी उतरंड असते. गंजलेल्या खड्ड्यावरूनही अक्षराची रेघ अखंड धावत असेल तर ते अक्षर गंजानंतर काढलेलं आहे.

वाचणं

पेटी घरी आली. आता ब्रश, पाणी, साबण काहीही नको. दिवस मावळल्यावर खोलीत अंधार करा, पेटी टेबलावर ठेवा आणि बॅटरीचा झोत बाजूने, पत्र्याला जवळजवळ चिकटून मारा. समोरून दिवसाच्या उजेडात नुसता गंजका हिरवा पत्रा दिसत होता, तिथे आता रंगाच्या थराची जाडी सावली टाकू लागते. आधी एखादी उभी रेघ, मग बाण, मग शेजारचा आकडा. बॅटरी हळूहळू फिरवत राहा, कारण वरून येणाऱ्या झोतात जे अक्षर दिसत नाही ते डावीकडून दिसतं. प्रत्येक कोनातून फोटो काढा. लाकडी पेटीवर अक्षरं अगदीच पुसट असतील तर ओलसर, पिळून घेतलेलं फडकं हलकेच टेकवा. लाकूड गडद होतं आणि क्षणभर अक्षरं उठून येतात. तेवढ्यात फोटो घ्यायचा.

काय शोधायचं? तीन रेघांचा रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. बाणाच्या जोडीला इंग्रजी 'आय' असेल तर ती हिंदुस्थान सरकारची. 'एसएए' म्हणजे छोट्या हत्यारांचा दारूगोळा. '.३०३' म्हणजे ली-एनफिल्ड रायफलीचं काडतूस. त्यापुढे रोमन सात (VII) दिसला तर १९१० पासून चाललेला टोकदार गोळीचा प्रकार. लॉट नंबर, नगांची संख्या, महिना आणि साल. काही पेट्यांवर दोन-तीन वेगवेगळे लॉट एकावर एक दिसतात, कारण पेटी परत येऊन पुन्हा भरली जाई. जुना मजकूर रंगाने झाकून त्यावर नवा मारत. अशा पेटीत वरच्या थराखाली आणखी एक थर वाचायला मिळतो, आणि ग्राइंडरने दोन्ही एकदमच जातात.

सगळं वहीत उतरवा. जे कळलं नाही त्याचंही चित्र काढून ठेवा.

धुणं

जुन्या रंगात शिसं आहे असं धरूनच चाला. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांचं काही सांगता येत नाही, आणि लष्करी रंग तर गंजाशी झुंजायलाच बनवलेला. म्हणून कोरडं घासकाम बंद, हीट गन बंद, मुलं लांब. हातमोजे, चांगल्या प्रतीचा मास्क, आणि घासायचंच तर पाण्याने ओलं ठेवून. निघालेला गाळ वर्तमानपत्रात गोळा करून बंद पिशवीत भरा. परसातल्या आळ्यात ओतू नका.

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं. एवढ्यावर निम्म्याहून जास्त मळ निघतो. अक्षरांच्या आसपास कापसाच्या काडीने, अक्षराच्या बाहेरून आत न जाता. ग्रीसचे थर रॉकेलने निघतात, पण आधी तळाला एका कोपऱ्यात लावून बघा. काडीला हिरवं लागलं तर थांबा. थिनर अक्षरांच्या जवळपासही नको, तो स्टेन्सिलचा (साच्याने मारलेल्या अक्षरांचा) रंग आधी खातो. धुवून झाल्यावर लगेच पुसा आणि उन्हात उलटी करून ठेवा.

काम दिवाळी ते मार्च या काळात काढा. श्रावणात कोकणात उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस पापुद्रा दिसलाच म्हणून समजा.

गंज

सगळा गंज काढायचा नसतो. बोटाने चोळल्यावर हाताला न लागणारा, घट्ट बसलेला तपकिरी थर तसाच राहू द्या. त्याला पुढे मेण पुरतं. पापुद्रे सुटणारा आणि खड्डे पाडणारा गंज तेवढा काढायचा. त्यासाठी शून्य नंबरची स्टील वूल, थोडं मशीन तेल आणि भरपूर सबुरी. बारीक तारेचा हातब्रश चालेल, मशीनवरचा नाही.

सुटे होणारे भाग, म्हणजे कडी, मूठ आणि बिजागरीची पिन, यांच्यासाठी लिंबूसत्त्वाचं पाणी उत्तम. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, काही तास भिजवा, मधूनमधून ब्रश मारा. काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच तेल लावा. जस्ताचा मुलामा असलेल्या भागाला आम्ल लावू नका, जस्त विरघळून जातं.

फारच गंजलेल्या सुट्या भागांसाठी विजेची पद्धत आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ साध्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. पट्टी स्टेनलेस स्टीलची मुळीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मीठही नको, क्लोरीन निघतो. हायड्रोजनचे बुडबुडे येतात म्हणून उघड्यावर करा, जवळ विडीकाडी नको, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. अख्खी पेटी यात बुडवू नका, कारण रंगही सुटतो, आणि रंगाबरोबर अक्षरंही.

पोचे, कडी आणि गॅस्केट

लहान पोचे राहू द्यावेत. झाकण बसत नसेल तेवढाच पोचा काढायचा: बाहेरून लाकडाचा ठोकळा धरून आतून रबरी हातोडीने, कडेकडून मध्याकडे हलके ठोके. पेटी वाकडी झाल्याने झाकण एका कोपऱ्यात उचललेलं असेल तर आधी बिजागरी तपासा. बरेचदा दोष तिथेच असतो. एम२ए१ धाटणीच्या डब्याचं झाकण पूर्ण उघडून बाजूला सरकवलं की बिजागरीतून निघतं. ते काढून काम करणं फार सोपं.

झाकणाच्या खाचेतलं रबर, म्हणजे गॅस्केट, हा या डब्यांचा प्राण. तो मऊ असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पेट्रोल, रॉकेल किंवा साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि खाचेबाहेर येतं. कडक होऊन तडकला असेल तर ईपीडीएम रबराची योग्य जाडीची पट्टी आणून बसवा. सांधा बिजागरीच्या बाजूला घ्यायचा, टोकं तिरपी कापून चिकटवायची. कसोटी सोपी आहे. कागदाची पट्टी झाकणात धरून कडी लावा आणि ओढा. चारही बाजूंना कागद अडला पाहिजे. जिथे तो सुळकन निघेल तिथे रबर दबत नाही. मग पेटीत कोरडं वर्तमानपत्र ठेवून, वर वजन टाकून, अर्धा तास पाण्यात बुडवून बघा. मोटारसायकलला लावायची किंवा ट्रेकला कॅमेऱ्यासाठी न्यायची असेल तर ही परीक्षा टाळू नका.

रंग द्यायचा का?

अक्षरं शिल्लक असतील तर माझं उत्तर नाही. स्वच्छ कोरड्या पत्र्यावर फर्निचर वॅक्सचा पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी मऊ फडक्याने चोळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. काही जण लोखंडी पेटीवरही जवसाचं तेल लावतात. सुरुवातीला सुरेख दिसतं, पण काही वर्षांत पिवळट होतं आणि खालची पांढरी अक्षरं मळकी दिसू लागतात. मेण नको झालं तर काढता येतं, तेल वाळून बसलं की निघत नाही.

अक्षरं मुळातच गेलेली, पत्रा उघडा पडलेला, पेटी वापरात घ्यायची आहे, तर खुशाल रंगवा. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर, जस्ती पत्र्याला एच (etch) प्रायमर. साधा रेड ऑक्साइड जस्तावर टिकत नाही. मूळ छटा हवी असेल तर बिजागरीखाली किंवा मुठीच्या पट्टीमागे बघा. तिथे ऊन न लागलेला रंग जसाच्या तसा असतो. झाकण किंवा मूठच रंगाच्या दुकानात नेऊन मशीनवर छटा जुळवून घ्या, आणि मॅट फिनिश सांगा. पातळ दोन हात, मध्ये पूर्ण वाळण्याइतका वेळ. एकच बाजू गेली असेल तर फक्त तीच रंगवा, बाकीच्या तीन तशाच ठेवा.

स्टेन्सिल नव्याने मारायचं असेल तर स्वतःच्या फोटोवरून, तिथे होतं तेवढंच. भरलेल्या मजकुरात आणि जुन्यात फरक कळावा म्हणून तळाला पुसट न होणाऱ्या पेनने साल घाला: 'अक्षरं २०२५ मध्ये पुन्हा मारली'. पुढच्या माणसाची फसवणूक होऊ नये. कुठल्याच पेटीवर नसलेला बाण मारू नका.

लाकडी पेटीचं वेगळं

आधी कीड. बारीक भोकं असतील तर पेटी पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा. ताजं पिवळसर पीठ पडलं तर भुंगेरा अजून आत आहे. बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं द्रावण ब्रशने सोडा, भोकांत सिरिंजने. पेटी वाळेपर्यंत घरातल्या इतर लाकडापासून लांब.

काही लाकडी पेट्यांवर, विशेषतः अमेरिकन, कीडनाशक औषध मुरवलेलं असतं. रॉकेलसारखा किंवा डांबरी वास आला तर त्यात धान्य, मसाले, मुलांची खेळणी ठेवू नका, आणि मोडलेल्या फळ्या चुलीत घालू नका.

सुटलेला सांधा सुताराच्या गोंदाने क्लॅम्प लावून बसवा. जुने पितळी किंवा तांब्याचे खिळे-स्क्रू फेकू नका. दारूगोळ्याजवळ ठिणगी नको म्हणून ते मुद्दाम वापरलेले असतात. ते साफ करून त्याच भोकात परत. दोराची मूठ कुजली असेल तर त्याच जाडीचा ताग किंवा काथ्याचा दोर घ्या, नायलॉन नको. जुन्या मुठीचा तुकडा पाकिटात घालून पेटीतच ठेवा.

अखेरीस जवसाचं उकळलेलं तेल, फडक्याने अगदी थोडं, अक्षरं सोडून. तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

घरात ठेवताना

गॅस्केट बसवलेली पेटी हवाबंद असते हे विसरू नका. तिच्यात फटाके, शोभेची दारू किंवा पेट्रोल कधीही ठेवू नका. आत पेट घेतला तर पत्र्याचेच तुकडे उडतील. ड्रोनच्या किंवा सायकलच्या लिथियम बॅटऱ्या ठेवायच्या असतील तर आधी गॅस्केट काढा, वायूला वाट हवी. कागदपत्रं, लेन्स, हत्यारं यांसाठी मात्र ती उत्तम. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर पावसाळ्यापूर्वी त्या बदला.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक पाकीट चिकटवा. त्यात पेटी कुठे, कुणाकडून, कोणत्या साली मिळाली, पावतीची प्रत, वाचलेल्या अक्षरांचा फोटो आणि तुम्ही काय काय केलं त्याची यादी: कोणतं तेल, कोणतं मेण, कोणता भाग बदलला. पावसाळा संपला की एकदा पेटी उघडून हवा द्या, बिजागरीला तेलाचा थेंब सोडा, रबरावर बोट फिरवून बघा आणि त्याच यादीत तारीख टाका.